न रंगवलेला पत्रा

४ मार्च २०२४, सोमवार

नोकरीला आज आठवडा झाला. ही वही पदवी मिळाली तेव्हा अतुलदादानं दिली होती. लिहिण्यासारखं काही घडेल तेव्हाच उघडायची, असं ठरवून ठेवली होती. आज घडलं.

आमच्या संस्थेचा उष्णतेचा अभ्यास आमच्याच गल्लीत होणार आहे. गारखेड्याच्या मागं, नाल्याच्या काठानं आमची वस्ती. सहाशे घरं आणि सगळ्यांवर पत्रे. पृथ्वी तापते आहे म्हणून देशोदेशीची माणसं परिषदा भरवतात, करार करतात. पण दुपारी दोन वाजता पत्र्याखाली भाकरी थापणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं काय पोचतं? आमचा अभ्यास तेवढंच विचारतो. पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, तर आतली उष्णता किती उतरते? गल्लीतली सगळी चोवीस घरं घेतली आहेत. बारा रंगवायची, बारा तुलनेसाठी तशीच ठेवायची. प्रत्येक घरात काडेपेटीएवढी डबी टांगायची, ती तासातासाला उष्णता टिपते. हे ३१ मेपर्यंत चालेल. निकाल चांगला आला तर परदेशातलं विद्यापीठ पुढच्या उन्हाळ्याआधी सगळी सहाशे घरं रंगवून देणार आहे.

कोणती बारा, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. माझ्या वरिष्ठ नाझनीन मॅडम यांनी आईच्या पिठाच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. घर क्रमांक नऊ, म्हणजे आमचं: ‘रंगवायचं नाही.’ शेजारच्या सत्यभामा मावशीचंही तेच.

“गारवा लॉटरीनं वाटता व्हय गं?” मावशी म्हणाली.

मी तिला तुलना समजावली. दोन कुंड्या घ्यायच्या, एकीला पाणी घालायचं, एकीला नाही, मग बघायचं.

“म्हंजे आमी वाळायची कुंडी,” मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

संमतीच्या कागदावर बहुतेकींनी अंगठे दिले. आईनं शाईचा डबा बाजूला सारला आणि सही केली. ‘वच्छला.’ मी गेल्या वर्षी शिकवलेली. कुठल्याही कागदावरची तिची ही पहिली सही. ‘च्छ’ काढायला तिनं इतका वेळ घेतला, की तेवढ्यात मॅडमचा चहा पिऊन झाला.

शीलावहिनीला सातवा लागलाय. आमची चिठ्ठी निघाली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाईट वाटलं. पण चिठ्ठी ती चिठ्ठी. माझंच घर म्हणून बदलली असती, तर अभ्यास कशाला म्हणायचं?

१० मार्च, रविवार

आठ दिवसांनी नळ आला. पाऊण तास. धरणात पाणीच नाही म्हणतात, तरी नाल्यापलीकडच्या सात मजली इमारतीला रोज टँकर येतात. दादा तिथंच सेंट्रिंगचं काम करतो, त्यामुळं आम्हाला फार बोलता येत नाही.

बारा पत्रे रंगवून झाले. दिवसभर गल्लीतले कडूबा तात्या बघत बसले होते. त्यांची सगळी हयात लोकांच्या भिंतींना चुना देण्यात गेली. रंगाचा थेंब त्यांनी बोटावर घेतला, चोळला, हुंगला.

“ह्याच्यात आन् चुन्यात फरक काय गं?”

“तात्या, हा खास रंग आहे. परदेशात तपासलेला.”

“पांढराच हाय की.”

मग मी त्यांना सूर्यकिरणांचं परावर्तन पाऊण तास समजावून सांगितलं. त्यांनी मधेमधे मुद्द्याचे प्रश्न विचारले: किती जाड द्यायचा, किती हात, वाळायला किती वेळ. फार समाधान वाटलं. नीट सांगितलं तर म्हाताऱ्या माणसांपर्यंतही विज्ञान पोचतं.

१८ मार्च, सोमवार

पहिले आकडे! दुपारी तीनची सरासरी: रंगवलेली घरं ३५.१, न रंगवलेली ३९.४. चार अंशांहून जास्त फरक. मी दारोदार जाऊन सगळ्यांना सांगितलं. लोकांची माहिती लोकांना आधी कळली पाहिजे, हे मला मनापासून वाटतं.

आई कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “म्हंजे पांढऱ्यानं गार व्हतंय, हे पक्कं?”

“आकडे सांगतायत आई.”

“मग झालं तर.” चिमटे तसेच टाकून ती कडूबा तात्यांकडं गेली. काय काम निघालं कुणास ठाऊक.

नळ आला. त्या आनंदात हंडे भरायलाही मजा वाटली.

२६ मार्च, मंगळवार

नळ आला. आईमध्ये मोठा फरक पडलाय. तांदूळ धुतलेलं पाणी, भाताची पेज, काही फेकत नाही. सगळं एका टिपात, म्हणजे जुन्या पत्र्याच्या पिंपात, साठवते. सत्यभामा मावशी आणि तिच्या पलीकडची सरूबाईसुद्धा आपापली पेज आणून त्यातच ओततात. मी त्यांना पाणीबचतीबद्दल एक शब्दही सांगितलेला नाही. माझ्याकडं बघून शिकल्या असाव्यात. नाझनीन मॅडमना कळवलं पाहिजे.

३१ मार्च, रविवार

डब्यांचे आकडे घेतले. न रंगवलेल्या चार घरांचा आकडा अचानक खाली आलाय. तीन-साडेतीन अंशांनी. बहुतेक बॅटरी. चारही बदलल्या.

मावशीच्या घरची डबी काढताना तिनं मला पन्हं दिलं आणि खुर्चीवरून उठूच देईना. “बस की गं. येवढी घाई कशाची? इथं बरं वाटतंय ना?” खरंच बरं वाटत होतं.

३ एप्रिल, बुधवार

सकाळी नळ आला, मग शहागंजला ऑफिसला गेले. आमच्या ऑफिसखाली चुना, काव, दोरखंडाचं दुकान आहे. दुकानातले चाचा म्हणाले, “बेटा, तुम्हारे गारखेडा की तरफ की एक बाई और एक बुढ्ढे मियाँ आते. पिछले हफ्ते चुन्याचं पोतं ले गए, आज फिर ले गए. क्या चालू है तिकडं?”

मी म्हटलं, “चाचा, चौदा तारखेला बाबासाहेबांची जयंती. भिंती रंगवतात लोक.”

“हौ, हौ, सही है,” ते म्हणाले.

आमच्या वस्तीत जयंतीला कुठलीच भिंत मळकी राहत नाही, हे शहागंजमध्येही माहीत आहे याचा अभिमान वाटला.

७ एप्रिल, रविवार

आता आठ घरं. बॅटऱ्या नव्या आहेत. डब्या अदलाबदल करून पाहिल्या, तरी तेच. मला काहीच कळत नाही. पदवी घेतली तरी साधी डबी का बिघडते ते सांगता येऊ नये?

आमच्या घरची मात्र चोख चालते. ४०.६.

वहिनीचं एक नवीनच सुरू झालंय. जेवण झालं की उशी घेऊन सत्यभामा मावशीकडं जाते, ती पाचला परत. मी विचारलं, तर म्हणे गप्पा मारायला. उशी घेऊन गप्पा! आपल्या घरात तिला परकं वाटतं का? चिठ्ठीचा राग गेला नसेल अजून.

११ एप्रिल, गुरुवार

नळ आला. बाकी विशेष नाही. कडूबा तात्यांच्या हाताला चुन्यानं भेगा पडल्यात, त्यांना खोबरेल दिलं.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. सकाळी पंचशील ध्वजाला वंदन, संध्याकाळी मिरवणूक. सगळी गल्ली निळी-पांढरी. वहिनीनं पांढरी साडी नेसून पोट सांभाळत दोन पावलं नाचून घेतलं, आई ओरडेपर्यंत. कडूबा तात्या नव्या सदऱ्यात आकाशाकडं बघत उभे होते. त्यांना म्हटलं, “काय बघताय?”

“औंदा जयंती वरूनबी बघावी आशी झाली,” ते म्हणाले. म्हातारपणी माणूस किती हळवं होतं.

१६ एप्रिल, मंगळवार

अकरा. आमचं घर सोडून सगळी. रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या घरांत आता जेमतेम एक-सव्वा अंशाचा फरक उरलाय.

नाझनीन मॅडमचा फोन आला. “प्रांजली, किसी ने छत रंगवलं तर नाही ना?”

“नाही मॅडम. मी रोज त्या गल्लीतून जाते-येते.”

“लेकिन आकडे झूठ नै बोलते, बेटा.”

त्यांनी लेखी मागितलं. मी लिहून पाठवलं: ‘मी स्वतः पाहणी केली आहे. एकही पत्रा रंगवलेला नाही.’ परदेशातल्या मंडळींनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. कारण कळलं नाही तर आमची गल्ली अभ्यासातून वगळणार. म्हणजे सहाशे घरांचंही गेलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

नळ आला. तीन दिवस घरोघर विचारते आहे, कुणी काही बदल केलाय का. सरूबाई म्हणाली, पडदा लावला. कुणी म्हणालं माठ ठेवला. मावशी म्हणाली, “मी देवाधर्माची बाई नाय, पर यंदा हवाच बदललीय बघ.” मी सगळं लिहून घेतलं. पडद्यानं साडेतीन अंश उतरत नाहीत.

आईला विचारलं तर म्हणाली, “आपल्या घरात काय बदललं का?”

“नाही.”

“मग मला काय इच्यारती?”

२१ एप्रिल, रविवार

हे सगळं नीट लिहायचं आहे.

जेवताना दादा म्हणाला, “डबीवाल्या बाई, चला. तुमचा अभ्यास दाखवतो.” इमारतीचं काम रविवारी बंद असतं. कठडा नसलेल्या जिन्यानं त्यानं मला सातव्या स्लॅबवर नेलं.

बावीस वर्षं मी आमची गल्ली फक्त खालून पाहिली होती. वरून ती एवढीशी दिसते. बारा पत्रे गुळगुळीत पांढरे, आणि मधेमधे अकरा पत्रे कुंच्याच्या फराट्यांचे पांढरे. चुना. डोळ्यांवर हात धरावा लागला, इतका उजेड. त्या सगळ्यात एकच पत्रा गंजका, तांबूस. त्याच्यावर दाबून ठेवलेलं सायकलचं टायर मी ओळखलं. आमचं.

“पत्रे गल्लीत नसत्यात, येडे,” दादा म्हणाला. “गल्लीच्या वर असत्यात.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“धुळवड झाली की दोन दिवसांनी. रोज इथूनच तर बघतोय. आईनं सांगितलंवतं, तुला बोलायचं नाय.”

मला रडू आलं, राग आला, आणि मग त्या पेजेच्या टिपाची आठवण होऊन हसूही आलं. चुना पत्र्याला धरावा म्हणून पेज! आणि मी ते मॅडमना पाणीबचत म्हणून कळवलं होतं.

“सांग की डब्या बिघडल्या म्हणून,” दादा म्हणाला. “तिकडं कुणाला काय कळतंय?”

खरं सांगते, मी खाली उतरेपर्यंत त्याचा विचार केला. सात मजले.

आई तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, “आई, का केलंत?”

“जयंतीला आर्धी गल्ली काळी ठेवायची व्हय? भिंती रंगवायच्या आन् डोकं तसंच? आन् तूच तर घरोघर सांगत फिरलीस, चार अंश, चार अंश. आयकून कोण गप बसंल?”

“मी तुलनेसाठी सांगत होते!”

“आमी बी तुलनाच केली.”

“मग आपलाच पत्रा का सोडला? वहिनीचे दिवस भरत आलेत, घर तापतंय, आणि सगळ्यांचे रंगवून आपलाच...”

आईनं ताट खाली ठेवलं. “त्यांनी अंगठे दिले. अंगठा काय, रेशनच्या दुकानात बी घेत्यात, बँकेत बी घेत्यात. मी सही केली. वच्छला म्हणून. त्यात लिव्हलं व्हतं रंगवायचं नाय, तूच वाचून दावलं. मग नाय रंगवलं.”

“आणि वहिनी?”

“तिला घेतलंय की मावशीनं. माझ्या सहीपायी तिनं कामून तापायचं?”

उशी घेऊन गप्पा. मी वहिनीकडं बघितलं. ती तोंडावर पदर धरून हसत होती.

२२ एप्रिल, सोमवार

शहागंजला जाऊन मॅडमना समोर बसून सांगितलं. ‘मी स्वतः पाहणी केली आहे’ हे वाक्य खोटं ठरलं, तेही सांगितलं. त्यांनी आकड्यांचा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, “तुझी अम्मी... कमाल औरत है.” आणि मग: “तारखा मिळतील? कुठला पत्रा कधी?”

संध्याकाळी गल्लीत सगळ्यांना बसवलं. सहाशे घरांचं कळल्यावर सत्यभामा मावशीचा चेहरा उतरला. “आमच्यापायी बाकीच्यांचं जाईल व्हय गं? आमाला काय ठावं?”

तारखा कुणालाच आठवेनात. शेवटी कडूबा तात्या म्हणाले, “चुना भिजवायला पाणी लागतं का नाय? मग नळाच्या दिवशी भिजवायचा, दुसऱ्या दिशी सकाळी द्यायचा. तू कामाला गेली की. पयल्या नळाला चार घरं, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन.”

नळ कधी आला हे गल्लीत एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. मी ही वही आणली. २६ मार्च. ३ एप्रिल. ११ एप्रिल. मग डब्यांचे रोजचे आकडे काढले. मी आजवर फक्त आठवड्याची सरासरी बघत आले होते, हाही माझाच आळस. २७ मार्च, ४ एप्रिल, १२ एप्रिल: त्या त्या घराचा आकडा त्याच दुपारी पायरी उतरल्यासारखा खाली. एकाही घराचा चुकला नाही.

वहीत नळाचं कशाला लिहितेस, असं दादा गेल्याच आठवड्यात मला चिडवत होता.

२७ एप्रिल, शनिवार

नळ आला आणि उत्तरही आलं. मॅडमनी मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रत्येक घराची त्याच घराशी तुलना करता येते, चुना देण्याआधी आणि नंतर. शिवाय बाजारातला साधा चुना आणि भाताची पेज त्यांच्या महाग रंगाच्या जवळपास पोचते, हे त्यांना नव्यानंच कळलंय. त्यांनी पेजेचं प्रमाण विचारलंय. कडूबा तात्यांनी सांगितलं: “हातानं कळतं.” हे मी कसं लिहून पाठवू?

एक अट आहे. हवा मुळातच थंड झाली नव्हती, हे दाखवायला न रंगवलेलं एक तरी घर शेवटपर्यंत तसंच पाहिजे. ते एकच उरलंय.

मी घरी सांगितलं. म्हटलं, वहिनी, तू नाही म्हणालीस तर मी त्यांना ‘जमणार नाही’ असं कळवते. मनापासून म्हटलं होतं. चिठ्ठीपेक्षा तिचं हो-नाही मोठं, हे मला आता कळतं.

“ऱ्हाऊ द्या,” वहिनी म्हणाली. “मावशीचा पंखा बी आपल्यापेक्षा बरा हाय.”

१२ मे, रविवार

४२.१. घरात दुपारी मी आणि डबी, दोघीच असतो. आई कामावर, वहिनी शेजारी. मी मुद्दाम बसते. कागदावर आकडा लिहिणं वेगळं आणि आत बसून तो अंगावर घेणं वेगळं.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. पहाटे घाटी दवाखान्यात वहिनीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मावशीनं सबंध गल्लीला खीर वाटली आणि दादाला म्हणाली, “पोरीचा पयला मुक्काम माझ्याकडं. तुमच्या भट्टीत नाय आणायची.” तिनं आपली बाज, कपाट, सगळं एका बाजूला सारून ठेवलंय. स्वतः सरूबाईकडं झोपणार आहे.

२९ मे, बुधवार

नळ आला नाही. कुठंतरी पाइप फुटला म्हणे. आता ६ जूनला. बाळ मावशीच्या घरात मजेत आहे. तिथला आकडा ३८.९, आमचा ४२.४. तिला अजून आपलं घर माहीत नाही.

३१ मे, शुक्रवार

शेवटचा आकडा संध्याकाळी सहाचा. कडूबा तात्या चारपासूनच कुंचा घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसले होते. “झाले का सहा?” “नाही तात्या.” “तुझं घड्याळ मागं हाय.” हे किमान दहा वेळा.

चुना होता, पेज होती, पाणी नव्हतं. मी म्हटलं, आठवडाभर थांबू, नळ येईल. आई उठून शेजारी गेली. सहाला मी डबी काढून बाहेर आले, तर गल्लीत बाकी तेवीस घरच्या बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात तांब्या. कुणाकडं प्यायचं पाणीसुद्धा धड उरलेलं नव्हतं, मला माहीत आहे. एकेक करून टिपात ओतून गेल्या. सत्यभामा मावशी शेवटी आली. “घे. वाळायच्या कुंडीला घाल,” म्हणाली.

रात्रभर चुना भिजणार. तात्या उद्या उजाडताच वर चढतील. दुसरा कुंचा त्यांनी माझ्या हातात दिलाय.

१ जून, शनिवार

अभ्यास संपला. डब्या सोमवारी परत द्यायच्या आहेत. पण मी आमच्या घरातली पुन्हा खिळ्याला टांगली.

मी आणि तात्यांनी मिळून दोन हात दिले. टायर उचललं तेव्हा त्याच्याखाली गंजाचं गोल कडं होतं, त्यावर मी तीनदा कुंचा फिरवला. समोरच्या स्लॅबवरून दादा शिट्ट्या मारत होता.

दुपारी वहिनी बाळाला घेऊन घरी आली. आईनं जमिनीवर गोधडी अंथरली. बाळ दीड तास गाढ झोपलं.

तीन वाजता: ३८.८. हा आकडा कुणालाही पाठवायचा नाही. आईनं माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि त्याच्याखाली सही केली.